समजून घ्या : उमेदवार सगळेच आदिवासी, मग इगतपुरीत ‘आदिवासी मत’ कुणाला मिळतं?

४ ऑक्टोबर २०२४. मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून काही आमदारांनी थेट संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या आणि दिवसभर तीच क्लिप मोबाइलवर फिरत राहिली. विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्यासोबत त्या जाळीवर इगतपुरीचे आमदार हिरामण खोसकर हेही होते. मुख्य मागण्या दोन होत्या. धनगर समाजाला अनुसूचित जमातींच्या आरक्षणात घेऊ नये आणि पेसा क्षेत्रातली रखडलेली नोकरभरती मार्गी लावावी.

त्यानंतर काही दिवसांतच खोसकर यांनी काँग्रेस सोडली आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीत प्रवेश केला. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, तेव्हा ते ८६ हजारांहून अधिक मतांच्या फरकाने निवडून आले होते.

अशा निकालानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘आदिवासी मतं एकगठ्ठा पडली.’ पण खरंच असं एकगठ्ठा मत असतं का? आणि एखाद्या उमेदवाराला पाड्यावरच्या मतदाराचा विश्वास मिळवायचा असेल, तर त्याने नेमकं काय करायला हवं? समजून घेऊया.

इगतपुरी मतदारसंघ कसा आहे?

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २५ जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. इगतपुरी ही त्यातली एक. इगतपुरी आणि त्र्यंबकेश्वर या दोन तालुक्यांचा भाग मुख्यतः यात येतो. लोकसभेला मात्र हाच भाग नाशिक मतदारसंघात जातो आणि ती जागा खुली आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. राखीव असते ती उमेदवारी, मतदान नाही. निवडणूक लढवण्यासाठी अनुसूचित जमातीचा दाखला लागतो, पण मत देणारे सगळे असतात. घोटीचा तांदूळ व्यापारी, गोंदे औद्योगिक वसाहतीतला कामगार, इगतपुरीतला रेल्वे कर्मचारी, दारणाकाठचा मराठा शेतकरी आणि डोंगरातला ठाकूर, हे सगळे एकाच यादीत आहेत.

याचा परिणाम असा होतो की ‘मी तुमच्यातलाच आहे’ हे वाक्य इथे फारसं चालत नाही. खुल्या मतदारसंघात एखाद्या आदिवासी उमेदवाराने ते म्हटलं, तर त्याला वजन येतं. राखीव जागेवर ते प्रत्येक उमेदवार म्हणू शकतो. सगळ्यांच्या हातात तेच कार्ड असेल तर त्या कार्डाने डाव जिंकता येत नाही. मग प्रश्न उरतो तो कामाचा, ओळखीचा आणि कोण कोणत्या पाड्यावर किती वेळा आला याचा.

‘आदिवासी मत’ म्हणजे नेमकी कोणाची मतं?

महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ४५ जमाती आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात त्यांची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे ९.३५ टक्के. नाशिक जिल्ह्यात हे प्रमाण साधारण एक चतुर्थांश आहे. इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी, ठाकूर, कातकरी, कोकणा आणि वारली या जमाती प्रामुख्याने राहतात.

सरकारी कागदावर हे सगळे ‘एसटी’. पण प्रत्येकाचं रोजचं दुखणं वेगळं आहे.

महादेव कोळी समाजात भातशेती करणारी कुटुंबं जास्त आहेत. राजकारणात, सोसायट्यांत, ग्रामपंचायतीत त्यांचं अस्तित्व जुनं आहे. त्यांचा प्रश्न बऱ्याचदा भाताला भाव, धरणात गेलेली जमीन आणि मुलांच्या नोकऱ्या असा असतो.

ठाकूर समाजाला छळतो तो दाखल्याचा प्रश्न. ठाकूर हे आडनाव इतर समाजांतही असल्याने जात वैधता प्रमाणपत्राच्या वेळी ‘तुम्ही खरे ठाकूर कशावरून?’ याचा पुरावा मागितला जातो. बोली, देवदेवता, लग्नाच्या रीती यांवरून जमात ओळखण्याची ‘आप्तभाव चाचणी’ या कामी वापरली जाते. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने महाराष्ट्रातल्या ठाकूर समाजाच्याच प्रकरणात सांगितलं, की ही चाचणी म्हणजे एकमेव कसोटी नव्हे. ज्या घरात बारावी झालेला मुलगा वैधतेच्या कागदासाठी थांबला आहे, त्या घरात हा निकाल कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा महत्त्वाचा आहे.

कातकरी समाज तर आणखी मागे. कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत महाराष्ट्रात कातकरींची गणना विशेष असुरक्षित आदिम जमातीत होते. बहुतेक कुटुंबं भूमिहीन. अनेकांच्या घराखालची जागाही त्यांच्या नावावर नसते.

कोकणा आणि वारली वस्ती त्र्यंबकेश्वरच्या पश्चिमेला, हरसूल भागात जास्त आहे. त्यांचे नातेसंबंध, बाजार आणि मजुरीच्या वाटा पालघरकडे आणि गुजरातकडेही जातात.

शिवाय मतदान यंत्रात मत मोजलं जातं, जमात नाही. निवडणूक आयोगाच्या आकडेवारीतून कोणत्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते कळतं. त्यामुळे ‘अमुक जमातीने अमुक पक्षाला मत दिलं’ असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो अंदाज आहे एवढं ध्यानात ठेवावं.

हीच चूक अमेरिकेत कशी झाली?

वेगवेगळ्या माणसांना एका नावाखाली मोजायचं आणि मग ती एकसारखी वागतील असं धरून चालायचं, ही चूक अमेरिकेतल्या पक्षांनी वर्षानुवर्षं केली. तिथला ‘हिस्पॅनिक मतदार’ हे त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. मूळ मेक्सिकोचे, क्युबाचे, प्युर्टो रिकोचे, व्हेनेझुएलाचे लोक असे सगळे या एका शब्दात येतात. क्युबातून कम्युनिस्ट राजवट सोडून आलेल्या कुटुंबाची भीती आणि टेक्सासच्या शेतात पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या कुटुंबाची चिंता एक कशी असेल?

१९६० मध्ये जॉन एफ. केनेडी यांच्या प्रचारात ‘व्हिवा केनेडी’ क्लब निघाले आणि जॅकलिन केनेडी यांनी जाहिरातीत स्पॅनिशमध्ये मतं मागितली. तेव्हा ते नवं होतं. पुढे त्याचा साचा झाला. स्पॅनिशमध्ये दोन वाक्यं, थोडं संगीत, एखादा खाद्यपदार्थ आणि झाला प्रचार.

२०२४ मध्ये हा साचा मोडला. प्यू रिसर्च सेंटरच्या अभ्यासानुसार २०२० मध्ये हिस्पॅनिक मतदारांपैकी ३६ टक्के मतं मिळवणारे डोनाल्ड ट्रम्प २०२४ मध्ये ४८ टक्क्यांवर गेले. टेक्सासच्या सीमेवरच्या स्टार काउंटीत जवळपास सगळी वस्ती हिस्पॅनिक आहे. तिने १८९२ नंतर पहिल्यांदाच रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवाराला कौल दिला. स्थलांतराविषयी कडक बोलणाऱ्या नेत्याला ही मतं कशी मिळाली, यावर तिकडे अजून चर्चा चालू आहे. पण महागाई, रोजगार आणि घरखर्च हे विषय अनेकांना ओळखीच्या राजकारणापेक्षा जवळचे वाटले, हे बहुतेक विश्लेषकांनी मान्य केलं.

इगतपुरीतला फरक एवढाच की अमेरिकेत उमेदवार बहुतेकदा त्या समाजाबाहेरचा असतो आणि इथे तो आतला असतो. पण आतला उमेदवारही सगळ्यांना एकाच मापाने मोजू शकतो.

पाड्यावरचा पहिला प्रश्न : पाणी कुठे जातं?

इगतपुरीत वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. दारणा, मुकणे, भावली आणि ऊर्ध्व वैतरणा ही धरणं याच पट्ट्यात आहेत. ऊर्ध्व वैतरणा हा मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात जलाशयांपैकी एक. मुकणे आणि दारणेचं पाणी नाशिक शहराला, खालच्या कालव्यांना आणि समन्यायी वाटपाच्या वेळी थेट जायकवाडीकडे जातं.

आणि उन्हाळ्यात? डोंगरावरच्या पाड्यांत बायका हंडा घेऊन विहिरीच्या तळाशी उतरतात किंवा टँकरची वाट पाहतात. कारण सरळ आहे. धरण खाली दरीत आणि पाडा वर कड्याला. खडक इतका कठीण की पडलेलं पाणी मुरत नाही, वाहून जातं. मोठं धरण बांधून हा प्रश्न सुटत नाही. त्याला छोटी साठवण, उपसा, सौर पंप आणि देखभालीचा माणूस लागतो.

जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने देण्याचं उद्दिष्ट आहे. त्यामुळे पाड्यावर उमेदवाराला ‘पाणी देणार का?’ असं विचारण्यात आता अर्थ नाही. विचारायला हवं ते असं : टाकी बांधली, पण तिला उद्भव कोणता? मे महिन्यात त्यात पाणी असतं का? मोटारीचं वीजबिल कोण भरणार? ज्या उमेदवाराला या तीन प्रश्नांची त्या पाड्यापुरती उत्तरं येतात, त्याला वेगळं भाषण करावं लागत नाही.

दुसरा प्रश्न : जमीन नावावर कधी?

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेला किसान सभेचा लाँग मार्च याच महामार्गाने घोटी, इगतपुरी करत कसारा घाट उतरला. सुमारे १८० किलोमीटर चाललेल्या त्या मोर्चात आदिवासी शेतकरी मोठ्या संख्येने होते आणि प्रमुख मागणी होती वनजमिनीच्या हक्काची.

२००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मिळू शकतो. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हा समितीकडे जातो. लोक तलाठ्यापासून प्रांतापर्यंत हेलपाटे मारतात ते या फाइलसाठी. कधी दावा नामंजूर होतो, कधी मंजूर क्षेत्र कसलेल्या क्षेत्रापेक्षा कमी निघतं.

पेसा कायद्याचंही तसंच. १९९६ च्या या कायद्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. इगतपुरी तालुक्यातली अनेक गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. नियमांनुसार एखादा पाडा किंवा वस्तीही स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊन आपली ग्रामसभा भरवू शकते. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत ज्या पाड्याचं कोणी ऐकत नाही, त्याच्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. प्रचारात पेसाचं नाव सगळे घेतात. पण किती पाड्यांचे असे ठराव करून पुढे पाठवले, हे सांगणारा उमेदवार विरळा.

तिसरा प्रश्न : मतदानाच्या दिवशी मतदार कुठे असतो?

हा मुद्दा प्रचाराच्या गडबडीत मागे पडतो. भाताची कापणी-झोडणी आटोपली की डोंगरातली बरीच कुटुंबं कामासाठी बाहेर पडतात. कोणी नाशिकजवळच्या द्राक्षबागांत, कोणी गिरणारेच्या मजूर बाजारातून रोजच्या कामावर, तर कोणी ठाणे, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर. वीटभट्टीवर जाताना मालकाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत मधेच गावी येणं सोपं नसतं.

२०२४ मध्ये नाशिक लोकसभेचं मतदान २० मे रोजी झालं आणि विधानसभेचं २० नोव्हेंबरला. मे महिन्यात भट्ट्या चालू असतात. नोव्हेंबरात भात खळ्यावर असतो आणि स्थलांतराला सुरुवात होत असते. म्हणजे यादीत नाव आहे, पण माणूस शंभर किलोमीटरवर.

इथे कायदा दोन गोष्टी सांगतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी द्यावी लागते आणि रोजंदारीवरचा मजूरही त्यात येतो. दुसरी गोष्ट, उमेदवाराने मतदारांना आणण्यासाठी गाड्या ठरवणं हा याच कायद्यात ‘भ्रष्ट आचार’ मानला आहे. म्हणजे भट्टीवर जीप पाठवणं हा मार्ग नाही. करता येतं ते एवढंच, की निवडणुकीच्या कितीतरी आधी मजुरांना त्यांचा सुट्टीचा हक्क सांगणं, कामगार विभाग आणि निवडणूक यंत्रणेकडे तशा सूचनांसाठी पाठपुरावा करणं आणि यादीतली नावं तपासून घेणं.

तारपा, पगडी आणि एक शब्द

प्रचारसभेच्या मंचावर तारपा वाजतो, नेत्याच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप चढतो आणि फोटो निघतो. तारपा हे मुख्यतः वारली, कोकणा वस्तीतलं वाद्य. ठाकूर वस्तीत कांबड नाच ओळखीचा. दिवाळीच्या सुरुवातीची वाघबारस डोंगरपट्ट्यात श्रद्धेने होते, तर त्र्यंबक-मोखाड्याकडे बोहाड्याच्या सोंगांना गर्दी लोटते. हे सगळं ‘आदिवासी संस्कृती’ म्हणून एकाच मंचावर मांडलं, की ज्याचं आहे त्यालाच ते परकं वाटू शकतं.

शब्दांचंही राजकारण आहे. ‘आदिवासी’ म्हणायचं की ‘वनवासी’, यावरून देशभर वाद होतो. संघ परिवाराशी संबंधित संस्था ‘वनवासी’ हा शब्द वापरतात. ‘आदिवासी’ म्हणजे इथले मूळ मालक आणि ‘वनवासी’ म्हणजे फक्त जंगलात राहणारे, असा आक्षेप राहुल गांधी यांनी अनेक सभांत घेतला आहे. अमेरिकेतही असाच गोंधळ झाला. स्त्री-पुरुष भेद टाळण्यासाठी ‘लॅटिनेक्स’ हा शब्द पुढे आला, पण प्यूच्या २०२४ च्या पाहणीत फक्त चार टक्के हिस्पॅनिक प्रौढ स्वतःसाठी तो वापरत असल्याचं दिसलं. दोन्हीकडचा धडा एकच. लोक स्वतःला जे म्हणतात तेच म्हणावं, त्यांना नवं नाव देऊ नये.

पक्ष बदलला की मतदार चिडतो का?

इगतपुरीने याची दोन उत्तरं दिली आहेत. २००९ आणि २०१४ मध्ये काँग्रेसकडून निवडून आलेल्या निर्मला गावित यांनी २०१९ मध्ये शिवसेनेत प्रवेश केला. नंदुरबारचे नऊ वेळा खासदार राहिलेले माणिकराव गावित यांच्या त्या कन्या. त्या निवडणुकीत काँग्रेसच्या खोसकर यांनी त्यांचा ३१ हजारांहून अधिक मतांनी पराभव केला. पाच वर्षांनी खोसकर यांनीच काँग्रेस सोडली आणि त्याहून कितीतरी मोठ्या फरकाने ते जिंकले.

पक्षांतराची शिक्षा मिळते म्हणावं तर २०२४ आडवं येतं. मिळत नाही म्हणावं तर २०१९. २०२४ मध्ये राज्यभर महायुतीची लाट होती, ‘लाडकी बहीण’सारख्या योजनेचे पैसे निवडणुकीआधी खात्यात आले होते आणि पेसा भरतीचं आंदोलन ताजं होतं. यातल्या कशाने किती मतं फिरली हे वेगळं काढता येत नाही. एवढं मात्र दिसतं, की इथला मतदार कोणत्याही चिन्हाला कायमचा बांधलेला नाही. जो पक्ष ही मतं ‘आपली’ धरून चालला, त्याला ती गमवावी लागली.

मग उमेदवाराने करावं तरी काय?

पहिलं, तालुक्याऐवजी पाड्यांची यादी करावी आणि प्रत्येक पाड्यापुढे एकच प्रश्न लिहावा : पाणी, रस्ता, दाखला, पट्टा की आश्रमशाळा.

दुसरं, ‘विकास करू’ऐवजी कोणती फाइल, कोणत्या कार्यालयात, किती दिवसांपासून अडली आहे ते सांगावं. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. पाठपुराव्याला दूर जावं लागत नाही.

तिसरं, निवडणुकीआधी यावं आणि निवडणुकीनंतरही यावं. मे महिन्यात, पाणी आटल्यावर आलेला माणूस लोक विसरत नाहीत.

चौथं, बिगरआदिवासी मतदारांसमोर एक आणि पाड्यावर दुसरं असं बोलू नये. मोबाइल आता दोन्हीकडे आहे.

पाचवं, संख्येने लहान असलेल्या वस्तीलाही आपल्या हिशेबात धरावं. हा मुद्दा शेवटी असला तरी सर्वांत अवघड आहे.

कारण निवडणुकीचं गणित मोठ्या गटांकडे पाहतं. चाळीस-पन्नास मतांच्या कातकरी वस्तीमुळे ८६ हजारांचा फरक हलत नाही. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना थोड्या पैशांच्या आणि मेंढ्यांच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला पाठवल्याचं प्रकरण एका लहान मुलीच्या मृत्यूनंतर उघड झालं आणि राज्यभर गाजलं. वेठबिगारी बंदीचा कायदा १९७६ चा. मतदारसंघ आदिवासींसाठी राखीव. आमदार आदिवासी. तरीही ती मुलं कोणाच्या हिशेबात नव्हती.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरींसह आदिम जमातींसाठी घर, रस्ता, पाणी, वीज यांची तरतूद आहे. आधार, दाखला आणि घराची जागा यांअभावी कुटुंबं त्यातून सुटू नयेत, यासाठी कोणीतरी वस्तीवर बसून कागद पूर्ण करून घ्यावे लागतात. प्रचाराच्या पंधरा दिवसांत ते होत नाही.

राखीव जागा विधानसभेत आदिवासी आमदार पाठवण्याची हमी देते. त्या आमदाराला कोणत्या पाड्याचं नाव माहीत आहे, हे मात्र मतदारालाच विचारावं लागतं. पुढच्या वेळी कोणी मत मागायला दारात आलं, तर इगतपुरीच्या मतदाराने एवढंच विचारून पाहावं : ‘आमच्या पाड्याची टाकी मे महिन्यात भरते का, सांगा.’